मंगळवारी ताडोबा बंद असतो

चंद्रपूरच्या माणसाकडे पाहुणा येतो तो त्याच्यासाठी नाही, वाघासाठी. हे दोघांनाही ठाऊक असतं आणि दोघेही ते तोंडावर आणत नाहीत. ‘किती वर्षं झाली तुम्हाला भेटून!’ असं पाहुणा पुण्याहून फोनवर म्हणतो आणि मधे श्वासही न घेता विचारतो, ताडोबाच्या मोहर्ली गेटचं बुकिंग तुमच्या ओळखीत होईल का? यजमान मुरलेला असतो. ‘होते ना जी, तुम्ही या तं खरं,’ असं म्हणून मोकळा होतो. बुकिंग ऑनलाइन असतं, तिथे कुणाची ओळख चालत नाही, हे सांगायची ती वेळ नसते.

येण्याचा महिनाही पाहुणा नेमका निवडतो. मे. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, झुडपं वाळून आडोसा उरत नाही आणि उरल्यासुरल्या पाण्यावर वाघ हमखास येतो, असं त्याने कुठेतरी वाचलेलं असतं. ते खरंही आहे. पण त्याच दिवसांत चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांना टेकलेला असतो. देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांत नाव आलं की इथला माणूस कूलरपुढे बसून ती बातमी जरा अभिमानानेच बघतो. गावाचं नाव टीव्हीवर येण्याचा हाच एक भरवशाचा मार्ग.

शनिवार-रविवार सफारी होते, सोमवारी पुन्हा एकदा होते आणि मग मंगळवार उजाडतो. ताडोबा मंगळवारी बंद असतो. पाहुण्याला हे बुकिंग करताना दिसलेलं असतं, पण परतीचं तिकीट बुधवारचं मिळालेलं असतं. सकाळी नऊ वाजता तो हॉलमध्ये टॉवेल खांद्यावर टाकून बसतो आणि म्हणतो, ‘मग आज काय? इथे बघण्यासारखं दुसरं काही आहे का?’

या ‘दुसरं काही’वर यजमानाच्या कपाळाची शीर तडतडते. गोंड राजांची राजधानी, सुमारे ११ किलोमीटरचा परकोट, चार दरवाजे, पाच खिडक्या, राणीने राजासाठी बांधलेली समाधी, हे सगळं मिळून आठवड्यातून एका वाराचं धनी. ताडोबा सातही दिवस उघडा राहिला असता तर चंद्रपूरचा इतिहास कुणाला कळलाच नसता, असं म्हणायला हरकत नाही.

खरं तर इतिहासाशी पाहुण्याची गाठ स्टेशनावरच पडलेली असते, पण ती त्याच्या ध्यानात येत नाही. गावाला स्टेशनं दोन. एक चंद्रपूर, दिल्ली-चेन्नई मार्गावरचं. दुसरं चांदा फोर्ट, गोंदियाकडून येणाऱ्या मार्गावरचं. साठीच्या दशकात चांद्याचं चंद्रपूर झालं, पण रेल्वेने ते निम्मंच मनावर घेतलं. भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्याच्या नावातही अजून चांदाच आहे. चांदा फोर्टला उतरलेला नवखा माणूस फलाटावर उभा राहून फोर्ट शोधतो आणि त्याला दिसतात ऑटो. बाकी महाराष्ट्राला चांदा माहीत आहे तो ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ या भाषणातल्या वाक्यापुरता. मुंबईच्या सभेत हे वाक्य हमखास टाळ्या घेतं. ज्यांनी टाळ्या दिल्या त्यांतले किती जण या दोन टोकांपैकी एकावर तरी जाऊन आलेत, हा हिशेब कुणी मांडत नाही.

तर मंगळवारची फेरी. ती सुरू होते जटपुरा गेटपासून, कारण ते टाळून चंद्रपुरात कुठेही जाता येत नाही. दुपदरी रस्त्यावरून आलेली दुचाक्या, ऑटो, शाळेच्या व्हॅन आणि हातगाड्या अशी सगळी वर्दळ गोंड राजाच्या काळात बांधलेल्या एका कमानीशी येऊन अडखळते. हा दरवाजा बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हत्ती असावेत. सकाळी दहाची वेळ नसावी. दरवाजा पाडता येत नाही, कारण तो संरक्षित वास्तू आहे, आणि वाहतूक थांबवता येत नाही, कारण ती चंद्रपूरची वाहतूक आहे. यजमान गाडी कमानीखाली आणतो आणि नेमका तिथेच अडकतो. हीच संधी. ‘वर पाहा,’ तो म्हणतो. पाहुणा काच खाली करून मान बाहेर काढतो. दगडात कोरलेला सिंह हत्तीवर पंजा रोवून उभा असतो. चांद्याच्या गोंड राजांचं हे राजचिन्ह. हत्ती सिंहापुढे इतका लहान कोरलाय की आधी तो दिसतच नाही. ‘ते खाली काय, कुत्रं आहे का?’ असं पाहुण्याच्या मुलाने विचारलं तर यजमान मनातल्या मनात एक आवंढा गिळतो. तेवढ्यात मागून हॉर्न वाजतात. राजचिन्हाचं दर्शन आटोपतं.

आता परकोट. अकरा किलोमीटरच्या या भिंतीवर कैक वर्षं इतकी झाडंझुडपं माजली होती की किल्ला आहे की टेकडी, ते कळत नसे. २०१७ साली ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या पोरांनी विळे-कुऱ्हाडी घेऊन रोज पहाटे बुरुज मोकळे करायला सुरुवात केली आणि शेकडो दिवस ते काम चालू ठेवलं. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला, आणि मग चंद्रपूरच्या पुष्कळ लोकांना आपल्या घरामागची भिंत ही किल्ल्याची भिंत आहे, असा शोध लागला. तोवर ती धुणं वाळत घालायची जागा होती. अजूनही आहे, पण आता लोक धुणं जरा बाजूला सरकवून पाहुण्यांना वाट देतात.

भिंतीवर चढलं की यजमानाला गोष्ट सांगावीच लागते. पंधराव्या शतकात बल्लारशाला, म्हणजे आजच्या बल्लारपूरला, खांडक्या बल्लाळशाह राज्य करत होता. अंगावर गाठी होत्या म्हणून खांडक्या. औषधं हरली. एकदा शिकारीला निघाला असता तहान लागली आणि झरपट नदीच्या कोरड्या पात्रात त्याला एका खळग्यात पाणी दिसलं. तोंड धुतलं, पाणी प्याला, रात्री गाढ झोप लागली, सकाळी गाठी बऱ्या होऊ लागल्या. तिथेच पुढे अचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. नंतर म्हणे त्याला एक ससा दिसला, कपाळावर चांदासारखा पांढरा ठिपका असलेला, आणि तो ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करत होता. ससा कुत्र्यामागे! राणी शहाणी होती. ती म्हणाली, जिथे ससा कुत्र्याला पळवतो ती भूमी साधी नाही. ते ज्या वाटेने धावले त्या वाटेवर कोट बांधा.

गोष्ट सुरेख आहे. अडचण एवढीच की पाहुण्यांत एखादा अहमदाबादला नोकरी केलेला निघतो आणि म्हणतो, ‘अहो, ही तर आमच्या अहमदशाहची गोष्ट!’ दुसरा हंपीला जाऊन आलेला असतो; तिथल्या गाइडने त्याला विजयनगरचा असाच ससा सांगितलेला असतो. भारतातल्या निम्म्या राजधान्या सशांनी वसवलेल्या दिसतात. इतका कामसू प्राणी पुढे शर्यतीत कासवाकडून कसा हरला, कोण जाणे. यजमान मात्र मागे हटत नाही. ‘त्यांचे ससे असतील साधे,’ तो म्हणतो, ‘आमच्या सशाच्या कपाळावर चांद होता.’ आणि वादाचा निकाल लागतो.

पाहुणे पुण्याचे असले तर यजमानाच्या पोतडीत एक खास चीज राखून ठेवलेली असते. १८१८ साली दुसरा बाजीराव पेशवा इंग्रजांना हुलकावण्या देत पळत होता, तो चांद्याकडेच यायला निघाला होता. नागपूरचे अप्पासाहेब भोसलेही त्याच्या मदतीच्या आशेवर होते. पण एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ कर्नल अ‍ॅडम्सने पेशव्यांच्या फौजेला गाठून तिची दाणादाण उडवली. पेशवे परत फिरले, चांदा राहिला. ‘पुण्याचा पाहुणा निघाला, पण चांद्याला पोचलाच नाही,’ यजमान म्हणतो, ‘तेव्हापासून तुमची आमची भेट उन्हाळ्यावर पडते.’ पुणेकर हसतात. पुणेकरांना हसवल्याचा आनंद चंद्रपूरच्या माणसाला दोन दिवस पुरतो. पुढची गोष्ट तो जरा आवाज उतरवून सांगतो: पेशवे आले नाहीत, पण अ‍ॅडम्स आला. मे महिन्यात. तोफा लावून त्याने चांदा सर केला. किल्लेदार लढता लढता पडला. म्हणजे भर उन्हाळ्यात बाहेरच्यांनी चांद्यावर चालून येण्याची परंपरा ताडोबाच्या सफारीहून बरीच जुनी आहे.

अचलेश्वर दरवाजाकडे गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत उठून दिसते ती बीरशाहची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बीरशाह मारला गेला आणि राणी हिराईने राज्य हाती घेतलं. महाकालीचं मंदिर तिने बांधलं, अचलेश्वराचं नव्याने उभारलं आणि नवऱ्याची समाधी बांधली. इथे यजमान घसा खाकरतो. ‘ताजमहाल नवऱ्याने बायकोसाठी बांधला. ही बायकोने नवऱ्यासाठी. सांगा आता, मोठं कोण?’ पाहुण्यांतल्या बायका लगेच समाधीकडे नव्या नजरेने बघतात आणि नवरे मोबाइलमध्ये बघतात.

ताजमहालाशी तुलना हा या भागाचा जुना आजार आहे. इथल्या कुठल्याच गोष्टीला आपल्या नावावर जगू देत नाहीत. बीरशाहची समाधी म्हणजे विदर्भाचा ताज, मार्कंड्याची मंदिरं म्हणजे विदर्भाचं खजुराहो. खजुराहोत कुणी ‘हे मध्य प्रदेशचं मार्कंडा’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. पाहुणेही इथे जुनेच. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग ज्या कोसल देशाच्या राजधानीत आला होता ती नेमकी कुठली, यावर इंग्रज विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात शाई आटवली. कुणी भांदक म्हणाला, कुणी वैरागड, कुणी चांदा. तिन्ही नावं इथलीच. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, पाहुणा आमच्याकडेच उतरला होता, एवढ्यावर यजमान खूश. तो बिचारा चीनहून आला तो बुद्धासाठी आला, वाघासाठी नाही. भांदकला, म्हणजे भद्रावतीला, विजासनच्या लेण्यात बुद्ध अजून अंधारात बसलेला आहे. तिकडे जायला वाट वाकडी करावी लागत नाही, तरी पाहुणे ‘परत येताना बघू’ म्हणतात आणि परत येताना एसीची काच वर करतात.

दुपारी लालपेठ. इथे उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती पडल्या आहेत. शिवलिंग आहे, गणपती आहे, कासव-मासा आहेत, आणि आडवी पडलेली दहा डोक्यांची दुर्गा आहे. गोंडकाळात रायप्पा नावाच्या वैश्याने मोठं देवालय बांधायचं मनात धरून या कोरवून घेतल्या आणि देवालय राहून गेलं, असं सांगतात. मूर्ती तिथेच राहिल्या. शेजारपाजारचे लोक दुर्गेला रावण म्हणतात. दहा तोंडं म्हणजे रावण, विषय संपला. फलकावर दुर्गा लिहिलंय, पण रिक्षावाल्याला ‘दुर्गेकडे ने’ म्हटलं तर तो भलत्याच देवळात नेऊन सोडतो. ‘रावणाकडे’ म्हटलं की दारात आणून सोडतो. पाहुण्याला हे फार विनोदी वाटतं. यजमानाला त्यात काही विशेष वाटत नाही. त्याच्या लहानपणी तोही रावणाच्या पोटावर बसून बोरं खात असे.

लालपेठेतून परतताना पाहुण्याची नजर पानठेल्याकडे जाते. ठेल्यावरचा माणूस प्लॅस्टिकच्या कागदात काहीतरी गुंडाळून ताणून बांधलेल्या दोऱ्यांवर जिवाच्या आकांताने घासत असतो. ‘काय पॉलिश करतोय?’ पाहुणा विचारतो. पॉलिश नाही, खर्रा घोटतोय. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना. चांदा-गडचिरोलीत सकाळ याच आवाजाने उगवते. लग्नाच्या पंगतीपासून सरकारी कचेरीपर्यंत त्याची पुडी हातोहात फिरते, आणि गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’सारखी मोहीम वर्षानुवर्षं त्याच्याशी झुंजत असते. पाहुण्याला चव घेऊन बघायची इच्छा होते. यजमान, इतिहासाच्या बाबतीत एवढा उदार असलेला माणूस, इथे पहिल्यांदा स्पष्ट नाही म्हणतो. दारूला नाही म्हणायला मात्र त्याला निमित्तच लागत नसे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, आणि चंद्रपुरात २०१५ ते २०२१. त्या सहा वर्षांत आलेल्या पाहुण्यांचे पहिल्या संध्याकाळचे चेहरे यजमानाला परकोटाइतकेच नीट आठवतात.

एक ठिकाण तो हसत हसत दाखवत नाही. चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातला पिंपळ. अहेरीजवळच्या किष्टापूरचे बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये गोंड तरुणांची जंगोम सेना उभारून इंग्रजांशी लढा मांडला, इथलाच राजगड परगणा ताब्यात घेतला, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याला फाशी दिलं. वय २५. २००९ साली त्यांच्या नावे टपाल तिकीट निघालं. पुण्याच्या पाहुण्याला १८५७ म्हटलं की झाशी, मेरठ, कानपूर आठवतं. अहेरी आठवत नाही, कारण पाठ्यपुस्तकाच्या नकाशात रेषा तिथवर आलेलीच नसते. पिंपळ बघायला आत सोडत नाहीत, तुरुंग आहे तो. पाहुणे बाहेरूनच भिंतीकडे बघतात. मग कुणीतरी पाण्याची बाटली मागतं.

शहराबाहेर पडलं की क्षितिजावर सपाट माथ्याचे डोंगर लागतात. ‘अरे वा, पठारं पण आहेत!’ पाहुणा कॅमेरा काढतो. यजमान जरा वेळ गप्प बसतो. खरं सांगावं की फोटो काढू द्यावा? ते डोंगर म्हणजे उघड्या खाणींतून कोळशासाठी उपसलेली माती. निसर्गाला लाखो वर्षं लागली असती ते काम इथे तीन-चार दशकांत उरकलं. त्या कोळशावर इथल्या महाऔष्णिक वीज केंद्रात २,९२० मेगावॉट वीज होते आणि राज्याच्या जाळ्यात जाते. पाहुण्याच्या पुण्यातल्या एसीतही तिचा वाटा असतो, हे यजमान ऐकवल्याशिवाय राहत नाही. बल्लारपूरच्या कारखान्याचा कागद देशभर वह्या-पुस्तकांत गेला. इथलं सागवान मार्च २०२३ मध्ये मिरवणुकीने अयोध्येच्या राममंदिराला गेलं. असा हा जिल्हा. दगड, कोळसा, बांबू, सागवान, वीज सगळं ट्रकने आणि तारेने बाहेर जातं, आणि बाहेरून आत येतो तो दोन रात्री, तीन दिवसांचा पर्यटक.

गंमत अशी की त्या वीज केंद्राच्या आवारातही वाघ दिसतात. पाहुण्याने ताडोबात जिप्सीचे पैसे भरून तीन दिवस जे शोधलं ते कामगाराला रात्रपाळी संपवून येताना फुकट दिसतं. कामगार काही खूश नसतो. आणि तेंदूपानं, मोहफुलं वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बाईपुढे वाघाचं कौतुक करायला गेलात तर ती तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल, तिचं उत्तर कुठल्याच गाइडकडे नाही. ताडोबाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू हाही वाघाशी झुंजून मेलेला गावचा पुढारीच. त्याचं ठाणं तलावाकाठी आहे आणि पौषात आदिवासी तिथे जत्रा भरवतात. जिप्सीत बसलेल्यांना या ठाण्याहून त्यामागच्या वडाच्या सावलीत बसलेली सांबरं जास्त रोचक वाटतात. ताडोबाच्या वाटेवर उंच दगडी खांब उभे आहेत. गोंड राजाची स्वारी निघाली की खांबाखांबांतून ओवलेल्या दोरांना बांधलेल्या घंटा वाजवून पुढे वर्दी जाई, असं सांगतात. गाइडने हे सुरू केलं रे केलं की मागच्या सीटवरून आवाज येतो, ‘शूऽऽ! कॉल ऐकू येतोय.’

एवढं सगळं सायंकाळपर्यंत उरकतं आणि पाहुणा, आता जरा रंगात आलेला, विचारतो, ‘गडचिरोली जवळच ना? उद्या निघण्याआधी ते पण करून टाकू.’

करून टाकू! गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर. गोव्यासारखी जवळजवळ चार राज्यं त्यात मावतात. गडचिरोली शहर जवळ आहे, हे खरं. पण पाहुण्याला शहर नको असतं. त्याने नाना पाटेकरांचा चित्रपट पाहिलेला असतो, त्यामुळे हेमलकसा हवं असतं. ते आलापल्लीच्याही पुढे साठेक किलोमीटर, भामरागडच्या अलीकडे. ‘मग सिरोंचा?’ ते तर थेट तेलंगणच्या वेशीवर. तिथल्या दुकानात मराठीपेक्षा तेलुगू जास्त चालते. सरकारी नोकरीत गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा, असं महाराष्ट्रभर मानतात. पाहुण्याने मात्र त्या शिक्षेसाठी एक दुपार काढलेली असते.

सिरोंच्याची गोष्ट सांगायला यजमानाला रस्ता लागत नाही, नुसती खुर्ची पुरते. तिथल्या प्राणहितेकाठी कोटा नावाचं गाव आहे. या गावाचं नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे, कारण त्या खडकाच्या थराला ‘कोटा’ म्हणतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकात तिथल्या खडकातले मासे अभ्यासले. पुढे शंभर वर्षांनी भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना प्राणहिता-गोदावरीच्या याच खोऱ्यात एका अवाढव्य शाकाहारी डायनासोरची हाडं सापडली. टागोरांच्या जन्मशताब्दीच्या आसपासचे दिवस, संस्था कलकत्त्याची. त्यामुळे प्राण्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. पाहुण्याची मुलं हे ऐकून ताडकन उठतात. डायनासोर! वाघ-बिघ सगळं विसरतात. ‘कुठे बघायला मिळेल?’

‘कोलकात्याला.’

मुलं बसतात.

‘हिऱ्याची खाणही होती,’ यजमान घाईघाईने सावरतो. वैरागडची. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त तिची नोंद केलीय. आता? आता खाण नाही, हिरे नाहीत. मार्कंड्याला मंदिरं आहेत, हे निदान उभं आहे म्हणायला जावं तर तिथेही अर्धी पंचाईतच. वैनगंगा तिथे उलटी फिरून उत्तरेकडे वाहते आणि काठावर मंदिरांचा मोठा समूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात आला आणि शिल्पं पाहून हरखला. मुख्य मंदिरावर पूर्वी वीज पडून शिखराची पडझड झालेली, आणि अलीकडे दुरुस्तीला काढलं तेव्हा दगड उतरवून, आकडे घालून ओळीने मांडून ठेवलेले. वर्षं गेली. पुण्याच्या पाहुण्याने त्या आकडे घातलेल्या दगडांकडे बघून विचारलं, ‘हे किट स्वरूपात मिळतं का?’ यजमानाला हा विनोद झोंबला, पण नंतर त्याने तो स्वतःच्या नावावर चारचौघांत सांगितला.

या भागात पाहुण्याला काही दाखवायचं म्हणजे बहुतेक वेळा बोट दाखवून ‘इथे होतं’ म्हणावं लागतं. त्यामुळे इथल्या यजमानाची मराठी सगळी भूतकाळात चालते. त्याला वर्तमानकाळात ताठ मानेने दाखवता येईल अशी एकच गोष्ट आहे, पण तिच्यासाठी पाहुण्याने मे सोडून दिवाळीनंतर यायला हवं.

धानाची कापणी झाली, मंडई भरायला लागली, शंकरपटाचे बैल धावले की झाडीपट्टीचं, म्हणजे या मुलखाचं, नाटक सुरू होतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं रस्त्याच्या कडेला, पाट्यांवर नटनट्यांचे चेहरे, आत वह्या उघडून बसलेले मॅनेजर. होळीपर्यंत गावोगावी रोज रात्री प्रयोग. दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. मुंबईच्या नाट्यव्यवसायाला अनुदानाची वाट पाहावी लागते. इथे शेतकरी तिकीट काढून येतो आणि हजारांनी येतो. परशुराम खुणे यांना या रंगभूमीसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा राज्याच्या बाकी भागाने ‘झाडीपट्टी म्हणजे नेमकं काय?’ असं विचारलं. नाटकाच्या रात्री गावातल्या प्रत्येक घरात सोयरेधायरे उतरलेले असतात. अंगणात चूल पेटलेली, वड्याची भाजी शिजत असते, आणि लग्नाच्या वयाची मुलगी चहा घेऊन पुढे आली की कोण कशाला आलंय, हे कळायला नाटकाची गरज पडत नाही.

एका डिसेंबरात असे पाहुणे आलेच. सफारी सकाळी सहाची होती, म्हणून ते अकरापर्यंत बसून उठायचं ठरवून आले. शाली नव्हत्या, खाली तणसावर अंथरलेली ताडपत्री होती आणि थंडी तळव्यांतून वर चढत होती. पहिल्या अंकात त्यांनी तिघांनी मिळून नऊ वेळा घड्याळ पाहिलं. खलनायकाने म्हाताऱ्या बापाची सही घेतली तेव्हा मात्र पुढच्या रांगेतला एक आजोबा उठून नटाला खरीखुरी शिवी हासडून बसला आणि पाहुणे सावरून बसले. साडेबाराला लावणी झाली, दीडला बहीण घरातून हाकलली गेली, अडीचला पेटीवाल्याने पान खाल्लं. तीन वाजता पाहुण्यांतल्या थोरल्याने वाकून यजमानाला विचारलं, आता निघालो तर वाईट दिसेल का? शेजारच्या आजीने तेवढंच ऐकलं. तिने आपल्या शालीचं एक टोक त्याच्या गुडघ्यावर टाकलं आणि मंचावरची नजर न हलवता म्हणाली, ‘बसा ना जी चूपचाप. खरं नाटक तं आत्ता सुरू होते.’